शंभरातली त्र्याऐंशी मतं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मागच्या एका निवडणुकीतली गोष्ट. मतदान केंद्राच्या अलीकडं पक्षांची टेबलं मांडलेली असतात, तिथं यादीतला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मिळते. ती घ्यायला मी थांबलो. टेबलावरचा मुलगा ओळखीचा, आमच्या पलीकडच्या गल्लीत वाढलेला. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यानं अगदी प्रेमानं विचारलं, "काय चाचा, यंदा तुमच्या लोकांचं काय ठरलंय?"

मी म्हणालो, "माझं ठरलंय बाबा. माझ्या लोकांचं मला काय माहीत?"

तो हसला. त्याला वाटलं, चाचा टाळतायत. मी टाळत नव्हतो. आमच्या घरात वडील एका चिन्हावर शिक्का मारायचे, धाकटे चुलते नेमका दुसऱ्या चिन्हावर, आणि निकालाच्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. आईनं आपला शिक्का कुठं पडला हे जन्मभर कुणाला सांगितलं नाही. वडिलांनी विचारलंच तर ती तव्यावरची भाकरी उलटायची आणि म्हणायची, "तवा तापलाय, बाजूला व्हा." असं हे घर. पण बाहेरून बघणाऱ्याला आम्ही सगळे मिळून एक गठ्ठा. एकगठ्ठा मतं.

मत देऊन घरी येताना मला आठवलं ते अमेरिकेतलं यूटा नावाचं राज्य आणि १८९६ हे साल. बी. ए.ला माझा विषय इतिहास होता आणि अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर असायचा. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, 'मॅकिन्ली जिंकले, ब्रायन हरले.' पुढं बऱ्याच वर्षांनी राज्यवार आकडे बघताना यूटाच्या ओळीवर नजर थांबली. हरलेल्या ब्रायनना तिथं ६४ हजारांवर मतं होती आणि जिंकलेल्या मॅकिन्लींना साडेतेरा हजारांच्या आत. शंभरातली जवळपास त्र्याऐंशी मतं एका माणसाला! आपल्याकडं याला लाट म्हणतात. राज्याची ती पहिलीच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि राज्य होतं मॉर्मन पंथीयांचं, म्हणजे सगळा अमेरिका देश ज्यांच्याकडं 'हे लोक एकगठ्ठा मतं देतात' म्हणून बोट दाखवत होता त्यांचं. मग ही लाट धर्माची होती का? मला त्या मुलाला खरं तर याचं उत्तर द्यायचं होतं.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. मॉर्मन चर्च जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यू यॉर्क राज्यात स्थापन केलं. शेजाऱ्यांशी या लोकांचं कुठंच जमलं नाही. एका राज्यातून दुसऱ्यात असे ते हाकलले गेले आणि १८४४ साली इलिनॉयमध्ये जमावानं तुरुंगात घुसून स्मिथना ठार मारलं. त्यांच्यामागं ब्रिगहॅम यंग यांनी आपल्या लोकांना घेऊन पश्चिमेची वाट धरली आणि १८४७च्या जुलैत ते खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात पोचले. तेव्हा ती जमीन मेक्सिकोची होती. पुढच्याच वर्षी युद्धाच्या तहात ती अमेरिकेकडं आली. म्हणजे ज्या देशातून निघून आले, तो देशच त्यांच्या मागं चालत आला.

१८४९ साली त्यांनी राज्याचा दर्जा मागितला. मिळाला १८९६ साली. मधली सत्तेचाळीस वर्षं यूटा हा नुसता 'प्रदेश' होता. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जायचा आणि राष्ट्राध्यक्ष निवडण्यात तिथल्या माणसाला वाटा नव्हता. अडचण एकच सांगितली जायची, ती बहुपत्नीत्वाची. चर्चनं ते धर्म म्हणून मान्य केलं होतं. १८५६ साली रिपब्लिकन पक्षानं आपल्या पहिल्याच राष्ट्रीय जाहीरनाम्यात गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना एका ओळीत, रानटीपणाची जुळी भावंडं म्हणून बसवलं होतं. बहुपत्नीत्वाचा विषय निघाला की बोलणारा मध्येच थांबून माझ्याकडं कसा बघतो, हे मला सवयीचं आहे. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी दुसरं लग्न केलेलं नाही. यूटातही बहुसंख्य घरांत एकच लग्न असे. पण नाव पडलं ते सगळ्यांवर.

मग कायदे आले. १८८२च्या एडमंड्स कायद्यानं एकाहून जास्त बायका असणाऱ्या पुरुषाचं मत आणि निवडणूक लढवण्याचा हक्क काढून घेतला. हजाराहून अधिक माणसं तुरुंगात गेली. शेजारच्या आयडाहो प्रदेशानं आणखी पुढची पायरी गाठली. तिथं मतदाराला शपथ घ्यावी लागे की असली शिकवण देणाऱ्या संघटनेचा मी सभासद नाही. म्हणजे लग्न एक असो वा नसो, मॉर्मन असला की मत गेलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९० साली ही शपथ वैध ठरवली.

बायकांच्या मताची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. यूटाच्या प्रादेशिक विधिमंडळानं १८७० सालीच स्त्रियांना मताधिकार दिला होता. पूर्वेकडच्या काही सुधारकांना वाटत होतं, मॉर्मन बायकांच्या हाती मत आलं की त्या ही रूढी मोडून काढतील. तसं काही झालं नाही. त्यांनी आपल्या मनानं मतं दिली आणि ती सुधारकांना हवी तशी पडली नाहीत. १८८७ साली वॉशिंग्टनमध्ये नवा कायदा झाला आणि त्यात यूटातल्या सगळ्या स्त्रियांचा मताधिकारच रद्द झाला. मॉर्मन असो नसो, लग्न झालेली असो नसो. मत हवं तिथं पडलं नाही, म्हणून मतच काढून घेतलं.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. गठ्ठ्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता. यूटात 'पीपल्स पार्टी' हा मॉर्मनांचा पक्ष होता आणि 'लिबरल पार्टी' हा बाकीच्यांचा. देशाचे पक्ष तिथं नावालाच होते. १८७८पर्यंत मतपत्रिकेवर क्रमांक असे आणि मतदाराच्या नावापुढं तोच क्रमांक लिहिला जाई. कुणाचं मत कुठं गेलं हे बघायचं म्हटलं तर बघता येत होतं. अशा ठिकाणी मोकळं मत पडणं अवघडच.

१८९०च्या शरद ऋतूत चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नवी बहुपत्नी लग्नं थांबवण्याचं निवेदन काढलं. पुढच्या वर्षी पीपल्स पार्टी विसर्जित झाली आणि लोकांना सांगण्यात आलं की देशात जे दोन पक्ष आहेत, त्यांत वाटून घ्या. आता पंचाईत अशी, की ज्या रिपब्लिकनांनी इतकी वर्षं छळलं त्यांच्याकडं जाणार कोण? बहुतेकांचा ओढा डेमोक्रॅट्सकडं. सगळेच तिकडं गेले तर जग म्हणणार, बघा, पुन्हा गठ्ठा! म्हणून चर्चच्या काही वडीलधाऱ्यांनी स्वतः रिपब्लिकन होऊन दाखवलं. असंही सांगतात, की एका गावच्या प्रार्थनासभेत मधल्या वाटेच्या या बाजूला बसलेले डेमोक्रॅट आणि त्या बाजूचे रिपब्लिकन, अशी वाटणी करून टाकली गेली. दंतकथा असेल. पण आपल्यात फूट आहे हे सिद्ध करून दाखवण्याची पाळी एखाद्या समाजावर यावी, यातलं दुःख त्या दंतकथेत बरोबर उतरलंय.

१८९५च्या नोव्हेंबरात नव्या राज्याचे पदाधिकारी निवडले गेले. मतदार फक्त पुरुष. चाळीसेक हजार मतं पडली आणि रिपब्लिकन पक्षाचे हेबर वेल्स दोनेक हजारांच्या फरकानं गव्हर्नर झाले. विधिमंडळही रिपब्लिकनांचं. ४ जानेवारी १८९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी घोषणेवर सही केली आणि यूटा हे ४५वं राज्य झालं. तार येताच सॉल्ट लेक सिटीच्या तारघराचा अधिकारी रस्त्यावर धावत आला आणि त्यानं बंदुकीचे बार काढून बातमी गावाला कळवली.

आता बघा, १८९५ साली रिपब्लिकन विजयी आणि बरोबर वर्षानं ब्रायन या डेमोक्रॅटला शंभरात त्र्याऐंशी मतं. वर्षभरात धर्म बदलला नव्हता. मग बदललं काय?

चांदी. यूटाचे डोंगर चांदीचे होते. पार्क सिटी, टिंटिक या भागांतल्या खाणींवर हजारो घरं चालत. खाणीत काम करणारे बहुतेक मॉर्मन नव्हते. त्यांना तिथं 'जेंटाइल' म्हणत. पण खाणीला लागणारं धान्य, भाजी, लाकूड, बैल मॉर्मन शेतकरी पुरवायचा. चांदी पडली की दोघांची चूल विझायची.

अमेरिकेत पूर्वी कुणीही सोनं किंवा चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि नाणी पाडून घ्यावीत अशी सोय होती. १८७३च्या कायद्यानं चांदीच्या डॉलरची ही सोय बंद झाली. पुढं धातूचा भाव घसरत गेला. बाजारात पैसा कमी, शेतमालाचे भाव पडलेले आणि कर्ज मात्र जुन्याच आकड्यांनी फेडायचं. म्हणून पश्चिमेचा खाणवाला आणि दक्षिणेचा-पश्चिमेचा कर्जबाजारी शेतकरी एकच मागणी करू लागले, की सोळा भार चांदी बरोबर एक भार सोनं हा जुना दर धरून चांदीची नाणी पुन्हा मुक्तपणे पाडा. बाजारात तेव्हा एक भार सोन्याला तीस भार चांदी लागत होती. यावरून मागणी केवढी मोठी होती हे ध्यानात येईल.

आणि इथंच, मंडळी, या गोष्टीत आपली मुंबई येते. चांदीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. इथला कलदार रुपया चांदीचा. मुंबईला फोर्टमध्ये आणि कलकत्त्याला ज्या टांकसाळी होत्या, तिथं व्यापारी चांदीच्या लगडी नेऊन थोडी मजुरी भरून रुपये पाडून घेत. चांदी घसरू लागली तसा रुपयाही घसरला. १८७०च्या आसपास रुपयाला दोन शिलिंग मिळत, ते १८९२-९३पर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आले. हिंदुस्थान सरकारला विलायतेला दरवर्षी जी रक्कम पाठवावी लागे ती सोन्यात. म्हणजे रुपया घसरला की तीच रक्कम भरायला जास्त रुपये लागत. शेवटी २६ जून १८९३ रोजी सरकारनं इथल्या टांकसाळी चांदीला बंद केल्या.

मुंबईतलं दार बंद झालं आणि आवाज रॉकी पर्वतात ऐकू गेला. काही दिवसांत न्यू यॉर्कला चांदीचा भाव औंसामागं ८० सेंटांच्या वरून साठीच्या घरात आला. कोलोरॅडोतल्या खाणमालकांनी खाणी आणि भट्ट्या बंद केल्या. हजारो कामगार रस्त्यावर आले. देशात आधीच बँका बुडत होत्या. त्यात नोव्हेंबर १८९३मध्ये क्लीव्हलंड यांनी सरकारी चांदीखरेदीचा कायदाही रद्द करून घेतला. क्लीव्हलंड डेमोक्रॅट. यूटाच्या माणसाचा राग त्यांच्यावर होता आणि १८९५ साली रिपब्लिकन निवडून आले, त्याला हेही एक कारण होतं.

चांदी म्हटलं की मला आईचे तोडे आठवतात. मी अगदी लहान असताना, १९७२च्या दुष्काळात ते मोडले. आई सांगायची, सराफानं तागडीत टाकून घट धरली, डाग धरला आणि हातावर ठेवले ते पैसे तिनं तीनदा मोजले. बाईमाणसाच्या पायातलं रुपं ही खेड्यातली बँक. टांकसाळ उघडी होती तोवर त्या बँकेला एक आधार होता. चांदी आणि रुपया यांच्यात फारसं अंतर पडू शकत नव्हतं. १८९३नंतर रुपयाच्या वजनाइतक्या चांदीला रुपया मिळेनासा झाला. १८९६-९७च्या दुष्काळात आपल्या दख्खनमध्ये ज्यांनी वाळे आणि तोडे मोडले, त्यांना हा फरक तागडीसमोर कळला. त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी यूटात मतदान झालं. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं.

१८९६च्या जूनमध्ये सेंट लुइसला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं. पक्षानं सोन्याची बाजू घेतली आणि विल्यम मॅकिन्लींना उमेदवारी दिली. तेव्हा कोलोरॅडोचे सिनेटर हेन्री टेलर उठले आणि पश्चिमेकडच्या वीसहून अधिक प्रतिनिधींसह सभागृहाबाहेर पडले. या बाहेर पडणाऱ्यांमध्ये यूटाचे नवे सिनेटर फ्रँक कॅनन होते. सगळ्यांच्या वतीनं निरोपाचं बोलले तेही हेच. पाच महिन्यांपूर्वी रिपब्लिकन म्हणूनच ते सिनेटर झाले होते.

पुढच्या महिन्यात शिकागोला डेमोक्रॅट पक्षानं आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या धोरणाकडं पाठ फिरवली. नेब्रास्काचे छत्तीस वर्षांचे वकील विल्यम जेनिंग्ज ब्रायन व्यासपीठावर चढले आणि माणसाला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका, अशा अर्थाच्या शेवटावर त्यांनी सभा जिंकली. दुसऱ्या दिवशी उमेदवारीही जिंकली. त्यांनी आगगाडीतून हजारो मैल प्रवास केला, शेकडो भाषणं दिली. मॅकिन्ली ओहायोतल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिले. गाड्या भरभरून लोकच त्यांच्याकडं आणले गेले.

३ नोव्हेंबरला मतदान. यूटात मतदारांची संख्या जवळपास दुप्पट झाली होती, कारण नव्या राज्याच्या घटनेनं स्त्रियांना त्यांचं मत परत दिलं होतं. त्याच घटनेत मत गुप्त राहील, हेही कलम होतं. दोन्ही गोष्टी मला सारख्याच मोलाच्या वाटतात.

त्या दिवशीचं एक घर बघू. सॉल्ट लेक सिटीतल्या अँगस कॅनन यांचं. हे चर्चमधले मोठं वजन असलेले गृहस्थ. राज्याच्या सिनेटसाठी ते रिपब्लिकन उमेदवार होते. त्यांची चौथी बायको डॉ. मार्था ह्यूज कॅनन. जन्म वेल्सचा, डॉक्टरकी मिशिगन विद्यापीठातली. १८८६ साली, नवऱ्यावर खटला झाला तर साक्षीला उभं राहावं लागू नये म्हणून कडेवर तान्ही मुलगी घेऊन त्या देश सोडून इंग्लंडला गेल्या होत्या आणि दोन वर्षांनी परतल्या होत्या. याच मार्थाबाई १८९६ साली त्याच सिनेटसाठी, त्याच मतदारसंघातून डेमोक्रॅट पक्षातर्फे उभ्या राहिल्या! मतदारसंघात पाच जागा होत्या. पाचही डेमोक्रॅट्सनी घेतल्या. मार्थाबाई अकरा हजारांवर मतं घेऊन निवडून आल्या, अँगसराव पडले. राज्याच्या सिनेटवर निवडून आलेली अमेरिकेतली ती पहिली स्त्री. पुढं राज्याचं आरोग्य मंडळ उभं करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. आणि ज्यांच्या लेखणीनं स्त्रियांचा मताधिकार परत मिळवायला सगळ्यात जास्त झटून घेतलं त्या एमलिन वेल्स याच निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार होत्या. त्याही पडल्या. बायकांनी बाई म्हणून मत दिलं असतं, तर त्या पडल्या नसत्या.

सेंट लुइसच्या सभेतून बाहेर पडलेले फ्रँक कॅनन हे या अँगसरावांचे सख्खे पुतणे. म्हणजे एकाच घराण्यात नवरा रिपब्लिकन, बायको डेमोक्रॅट आणि पुतण्या चांदीसाठी पक्ष सोडलेला बंडखोर. मला आमचं घर आठवलं.

आता मूळ प्रश्न. ती त्र्याऐंशी मतं धर्माची होती का? याचा पुरावा शेजारी सापडतो. कोलोरॅडोत मॉर्मन अगदी थोडे. तिथं ब्रायनना मिळाली शंभरातली जवळपास पंच्याऐंशी मतं, यूटापेक्षाही जास्त. नेव्हाडा, मोंटाना या खाणींच्या राज्यांतही ऐंशीच्या आसपास. ज्या आयडाहोनं मॉर्मनांचं मत हिरावलं होतं, तिथंही अठ्ठ्याहत्तरच्या घरात. म्हणजे डोंगराच्या या बाजूचा भाविक आणि त्या बाजूचा चर्चचं तोंड न बघणारा खाणकामगार यांनी एकाच माणसाला मत दिलं. प्रार्थनेला ते कधी एकत्र बसले नाहीत, पण त्यांच्या पोटाला चिमटा एकाच जागी बसला होता. कोलोरॅडोच्या पंच्याऐंशीला लोकांनी जनमत म्हटलं. यूटाच्या त्र्याऐंशीमागं चर्च किती, असा प्रश्न मात्र चिकटलेला राहिला.

चर्चनं ढवळाढवळ केलीच नाही, असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी चर्चनं नियम केला की वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी निवडणुकीला उभं राहण्याआधी परवानगी घ्यावी. मोझेस थॅचर या ज्येष्ठ धर्माधिकाऱ्यानं त्यावर सही करायला नकार दिला. ते डेमोक्रॅट होते. त्यांना पदावरून दूर करण्यात आलं, तेही याच नोव्हेंबरात, लाट आली त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत. आणि चर्चच्या शिखरावरच्या काही मंडळींचा कल तर रिपब्लिकन पक्षाकडं होता. धर्मगुरूंच्या इशाऱ्यावर मतं पडत असती, तर ती अशी पडली असती का?

आणखी एक बारीकशी गोष्ट. अमेरिकेत लोक थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नाहीत, राज्यातले निवडक प्रतिनिधी त्यांच्या वतीनं अंतिम मत देतात. यूटाच्या वाट्याला असे तीन होते. तिघांनीही ब्रायनना मत दिलं. पण ब्रायनना दोन पक्षांचा पाठिंबा होता आणि दोघांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार वेगळे होते. यूटाच्या तिघांपैकी दोघांनी एकाला मत दिलं, तिसऱ्यानं दुसऱ्याला. एवढ्या मोठ्या लाटेतून निवडून आलेली अवघी तीन माणसं, त्यांचंही शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

देशात मॅकिन्ली जिंकले, २७१ विरुद्ध १७६. लाटेला फळ आलं नाही. पुढच्या चार वर्षांत मंदी सरली, अलास्का-कॅनडाच्या बाजूला आणि दक्षिण आफ्रिकेत सोनं मुबलक निघू लागलं, पैशाची टंचाई कमी झाली. यूटात साखरबीट पिकत होतं, लोकर निघत होती. परदेशी साखरेवर आणि लोकरीवर जकात लावणारा रिपब्लिकन पक्ष त्या शेतकऱ्याला सोयीचा वाटू लागला. १९०० साली पुन्हा तेच दोघं समोरासमोर आले, मॅकिन्ली आणि ब्रायन. यूटात मॅकिन्लींना ४७ हजारांवर मतं पडली, ब्रायनना ४५ हजार. ज्याला चार वर्षांपूर्वी डोक्यावर घेतलं, तो माणूस दोन हजारांनी हरला. १९१२ साली तर सारा देश रिपब्लिकन टाफ्ट यांच्या विरुद्ध गेला, तेव्हा त्यांच्यामागं उभी राहिलेली राज्यं दोनच होती, व्हर्माँट आणि यूटा.

इतकं होऊनही संशय गेला नाही. १९०३ साली यूटानं रीड स्मूट नावाच्या मॉर्मन धर्माधिकाऱ्याला वॉशिंग्टनच्या सिनेटवर पाठवलं. हा माणूस देशाचं ऐकेल की चर्चचं, याची चौकशी तीन वर्षं चालली. १९०७ साली त्यांची जागा कायम राहिली. त्यांना एकच बायको होती.

ब्रायन तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तिन्ही वेळा हरले. १९०६ साली जगप्रवासात ते हिंदुस्थानात आले आणि इथली गरिबी, कर, शाळांची वानवा पाहून त्यांनी इंग्रजी राजवटीवर कडक लेख लिहिला. पुढं गदर पक्षाच्या लोकांनी सॅन फ्रान्सिस्कोतून तो छापून वाटला. ज्या देशातल्या एका बंद दारामुळं आपली लाट वाढली, त्या देशाची बाजू त्यांनी मांडली.

मी कवी माणूस, आकड्यांचा अभ्यासक नाही. पण यूटाची ती ओळ वाचल्यापासून कुठल्याही मोठ्या आकड्याकडं मी जरा थांबून बघतो. त्र्याऐंशी हा आकडा दिसतो एकसंध. त्याच्या आत खाणीतला जेंटाइल असतो, त्याला भाजी विकणारा मॉर्मन असतो, नऊ वर्षांनी मत परत मिळालेली बाई असते आणि वर्षापूर्वी दुसरीकडं मत दिलेला माणूस असतो. उरलेल्या सतरांतही कुणाचा तरी नवरा असतो. हे सगळे चार वर्षांसाठी एका ठिकाणी आले होते. कुणी त्यांना बांधलं नव्हतं, म्हणून ते पुन्हा पांगू शकले.

गठ्ठा म्हणण्यात सोय असते. एकदा गठ्ठा म्हटलं, की आतल्या माणसाला तुझं काय दुखतंय हे विचारावं लागत नाही. 'यांचं ठरलेलं असतं' म्हटलं की काम झालं. यूटाच्या माणसाला १८९६ साली कुणी विचारलं असतं, तर त्यानं देवाचं नाव घेतलं नसतं. चांदीचा भाव सांगितला असता.

टेबलावरच्या त्या मुलाला मी हे सगळं सांगू शकलो नाही. मागं रांग होती आणि उन्हं चढत होती. पण पुढच्या वेळी तो असलाच, तर माझी एक विनंती असेल. चिठ्ठी लिहिताना "तुमच्या लोकांचं काय ठरलंय" हे विचारू नकोस. "चाचा, यंदा कसं चाललंय घरचं?" एवढं विचार. गॅसचं, लेकराच्या नोकरीचं, गल्लीतल्या नळाचं मी सगळं सांगेन.

मत कुणाला देणार, ते मात्र नाही सांगणार. तवा तापलेला असतो.